निळी की पांढरी

खारीला बंदुकीच्या तयार नळीला हात लावायची बंदी होती, आणि ती बंदी कारखान्याच्या दाराशेजारी खिळ्यावर टांगलेली होती: पांढऱ्या सुती हातमोज्यांचा एक जोड. बंदुका बनवायच्या नि दुरुस्त करायच्या त्या छोट्या कारखान्यात कुणीही यावं, गिऱ्हाईक असो की टपालवाला, हवी ती बंदूक उचलून बघावी. फक्त घरच्या लेकीनं आधी मोजे चढवायचे. का, तर तिचा घाम.

काही माणसांचा घामच तसा असतो बघा. लोखंडाला लागला की लोखंड गंजलंच म्हणून समजा. लहानपणी एका गिऱ्हाइकाची नवी कोरी बंदूक खारीनं कौतुकानं कवटाळली होती. आठवडा उलटला नि तो माणूस तणतणत परत आला. निळ्याशार नळीवर चिमुकल्या पंजाचा तांबडा ठसा, पाचही बोटं मोजून घ्या! बाबांनी ती नळी पुन्हा घासून पहिल्यापासून रंगवली, आणि त्या दिवसापासून, खाऱ्या घामाची म्हणून, पोरीचं नाव पडलं खारी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं ते तिथंच.

आता खारी काही पोर नव्हती. लेथवर तिचा हात बसला होता, नळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, ती बाबांच्या तोडीचं कापायची, कधी कधी त्यांच्यापेक्षा सरसच, पण हे घरात कुणी मोठ्यानं म्हणायचं नाही. मात्र बाबांच्या कामाचा मुकुटमणी म्हणजे निळाई, आणि तिथं तिला प्रवेश नव्हता. साध्या पोलादाच्या नळीला बाबा त्यांचं गंजपाणी लावायचे आणि ती दमट पेटीत ठेवून मुद्दाम गंजवायचे. मग उकळत्या पाण्यात बुडवायचे. तांबडा गंज पाण्यात काळा पडायचा, तो तारेच्या मऊ घासणीनं झाडला की खालून निळसर काळी झाक डोकवायची. मग पुन्हा पाणी, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. असे थरावर थर चढले की नळी अशी काही दिसायची की बघणाऱ्याची बोटं आपोआप पुढे व्हायची. "गंजानंच गंजाला अडवायचं," असं बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं सांगायचे.

मग खारीनं काय करावं? तिनं स्टेनलेस धरलं. कारखान्याच्या भाषेत पांढरी. पांढरीला ना गंजपाणी लागायचं, ना पेटी. घासून, पॉलिश करून चकचकीत केली की झालं, आणि खारीनं तिला दोन्ही हातांनी कुरवाळली तरी ती हूं की चूं करायची नाही. मागच्या कोपऱ्यात, मोरीला लागून, अंधाऱ्या टेबलावर खारी पांढऱ्या नळ्या बनवायची. खिडकीकडचं मोठं टेबल बाबांचं. तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत उजेड पडायचा, रस्त्यावरून जाणारे डोकावायचे, आणि गिऱ्हाईक आत आलं की सरळ तिथंच जायचं. कोपऱ्यातल्या माणसाला ते विचारायचं ते एकच, "मालक आहेत का?"

त्या टेबलासाठी खारीचा जीव किती तुटायचा, ते तिचं तिलाच ठाऊक.

अशात एके सकाळी चॅम्पियन बाई दारात येऊन उभी राहिली. नेमबाजीत सगळे मानाचे चषक पटकावून बसलेली बाई, पण वागायला अगदी शेजारची ताई. रायफलची पेटी तिनं खिडकीकडच्या टेबलावर आदळली आणि म्हणाली, "काका, नळी गेली. गोळ्या आता वाटेल तिकडे जातात. पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा आहे आणि मला नवी नळी हवीय. आता सांगा, निळी घेऊ की पांढरी?"

"निळी," बाबा म्हणाले.

"पांढरी," कोपऱ्यातून आवाज आला.

चॅम्पियन बाईनं मान वळवली. बाबांनीही वळवली, पण जरा वेगळ्या तऱ्हेनं.

"निळीला रूप आहे," बाबा म्हणाले. "चमकत नाही, डोळ्याला त्रास देत नाही. जपली तर नातवंडांना जाईल."

"जपली तर!" खारी चिंध्यांना हात पुसत पुढे आली. "ताई, तुम्ही पावसात, दवात, घामानं ओल्या हातांनी सराव करणार. तेलाचं फडकं घेऊन नळीच्या मागे कुठं धावणार? पांढरीला काही मागणं नाही. आणि ती जास्त दिवस नेमाला टिकते."

"ताटं-वाट्यांचा धातू तो!"

"ताटं-वाट्या गंजत नाहीत बाबा, म्हणून तर!"

चॅम्पियन बाईला मोठी गंमत वाटली. तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि टाळी वाजवली. "असं करू या. दोन्ही बनवा. मोजमाप तेच, रायफल तीच, फक्त नळी बदलायची. पुढच्या आठवड्यात रेंजवर दोन्ही झाडून बघते आणि जी आवडेल ती नेते. काय काका, आहे तयारी?"

बाबा विचारात पडले की उजव्या हातानं डावा खांदा दाबायचे. जुनी खोड. तो खांदा हल्ली दुखायचाही, म्हणून आई रोज सकाळी त्याला तेल चोळून द्यायची. त्यांनी खांदा दाबला, लेकीकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, "आहे. आणि हिच्या देखत सांगतो. पांढरी निवडलीत, तर हे खिडकीचं टेबल हिचं. मी जातो मोरीजवळ."

खारीनं हातातली चिंधी बाजूला ठेवली. "आणि निळी निवडली तर?"

"तर टेबलाचं नाव पुन्हा काढायचं नाही. कधीच."

आतून आई चहा घेऊन आली होती, ती ट्रे हातात धरून तशीच उभी. "अहो, घरात लेकीशी पैज लावतं का कुणी?" ती म्हणाली, पण डोळे लकाकत होते. मग हळूच खारीजवळ सरकून पुटपुटली, "जिंक गं बाई एकदाची. त्या मोरीजवळ बसून तुझ्या डोळ्यांना चष्मा लागेल."

मग जो आठवडा सुरू झाला, काय सांगू! एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला लेक, आणि मधे आई दोन्हीकडची खबर दोन्हीकडे पोचवणार. खारीला तर भूक लागेना. लेथवर पांढऱ्या पोलादाची लांब लांब सोनेरी वळी सुटायची. चेंबर कापताना ती श्वास धरून बसायची. नळीचं तोंड, जिथून गोळी बाहेर पडते ती शेवटची कड, तिनं भिंगाखाली पुन्हा पुन्हा तपासली, कारण तिथं केसाएवढी खोट राहिली तरी नेम चुकतो. तयार झालेली नळी उजेडाकडे धरून तिनं आतून बघितलं, तर गोळीला फिरकी देणारे आतले चरे गोल गोल वळत पार टोकापर्यंत गेलेले, कुठं एक ओरखडा नाही. तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडलीही. बाबा तिकडून दचकले आणि मुद्दाम खोकले.

बाबांची नळीही कापून झाली होती आणि आता निळाईचं काम चाललं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी खारी आपल्या नळीवरून शेवटचं फडकं फिरवत होती. तेवढ्यात खिडकीकडून "हात्तिच्या!" असा आवाज आला आणि पाठोपाठ एकदम शांतता. बाबा चिडले की कारखाना डोक्यावर घ्यायचे. ते गप्प झाले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

खारी उठली, सवयीनं दाराशेजारचे मोजे चढवून खिडकीकडे गेली. नळी टेबलावरच्या लाकडी खोबणीत आडवी होती. सुरेख रंग चढला होता, दाट, खोल. आणि बरोबर मधे, वरच्या अंगाला, एक टक्कल. पांढरंफटक, अंगठा नि तीन बोटांच्या आकाराचं. तिथं रंगानं धरलंच नव्हतं.

"कालच्या थराला फिकं दिसलं होतं," बाबा खाली बघत म्हणाले. "वाटलं, पुढच्या थराला धरेल. खडूची पूड लावली, स्पिरिटनं पुसलं. पण छे."

खारीनं वाकून बघितलं. मग बाबांच्या हाताकडे बघितलं. बाबांचा उजवा हात डाव्या खांद्यावर होता. सदऱ्यावर तिथं तेलाचा पसरट डाग.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तेल."

बाबांनी हात असा काढला की जणू खांदा तापलेला तवा होता. आपल्या तळव्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, आणि त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. तेलाचा हात! निळाईच्या कामात याहून मोठं पाप नाही. तेलाच्या बोटाखाली गंज येत नाही आणि गंज नाही तर निळाई नाही. शिकाऊ पोरसुद्धा पहिल्या दिवशी हे शिकतं. आणि ज्यानं वर्षानुवर्षं लेकीच्या हातांवर पहारा केला, त्याचाच हात तेलकट निघाला. खांदा दाबायचा, नळी उचलायची, पुन्हा खांदा दाबायचा. प्रत्येक थराला तेच.

"आता साफ केलंत ना? मग लावा की पुन्हा पाणी," खारी म्हणाली.

बाबांनी गंजपाण्याची बाटली उलटी धरून दाखवली. थेंब नाही. "टक्कल घालवायच्या नादात सगळं संपवलं. नवं करायचं तर मुरायला महिना जातो. आणि ती उद्या सकाळी येणार."

खरं सांगायचं तर खारीच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते काही फार थोर नव्हतं. तिच्या मनात आलं, जिंकले! टेबल माझं! तिनं खिडकीकडे बघितलं, टेबलावर सांडलेल्या उन्हाकडे बघितलं. नुसतं गप्प बसायचं होतं. मग तिनं बाबांकडे बघितलं. ते चिंधीनं तळहात पुसत होते, पुन्हा पुन्हा, कातडी लाल होईपर्यंत, आणि त्यांना थांबता येत नव्हतं. असलं जिंकणं तिला नको होतं.

बाबांचा हात अचानक थांबला. त्यांनी वर बघितलं. आधी लेकीच्या तोंडाकडे, मग तिच्या हातांकडे. त्यांचे डोळे असे काही चमकले की खारी एक पाऊल मागे सरली.

"मोजे काढ," ते म्हणाले.

"काय?"

"मोजे काढ गं! हात दे इकडे!"

तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं ज्या हातानं नळ्या नासवल्या, तो हात! जिथं लागेल तिथं गंज आणणारा! तिनं मोजे फेकून दिले आणि तळहात बघितले. ऐन वेळी कोरडे ठणठणीत.

"बाबा, घामच नाही!"

"नाही म्हणजे काय? रोज तर धारा लागतात!"

"आता हुकमावर कसा येईल?"

"पळ!" बाबा गरजले. "अंगणात चकरा मार! अगं ए, ऐकलंस का, हिला कडक चहा दे! गरम! शाल आण शाल!"

आई धावत आली. काय चाललंय ते तिला कळेना, पण तिनं शाल आणली, चहा आणला, आणि मग तिघंही अंगणात. भर उन्हात शाल गुंडाळून खारी गोल गोल पळतेय, बाबा दारातून ओरडताहेत, "आणखी एक! पाय उचल!" आणि आई विचारतेय, "अहो, पोरीनं केलंय तरी काय?" शेजारचा शिंपी शिवणयंत्र सोडून कुंपणाशी आला. "सगळं ठीक आहे ना?" त्यानं विचारलं. "घाम हवाय!" बाबा ओरडले. शिंपी बिचारा परत आत गेला.

खारीला हसू आवरेना, आणि हसता हसता घामाच्या धारा लागल्या. ती तशीच आत धावली, आणि नळीपाशी येऊन थबकली. लहानपणापासूनची सवय. हात पुढे होईना.

"धर," बाबा म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "बरोबर टकलावर. माझ्या बोटांच्या खुणांवर तुझी बोटं ठेव. घट्ट धर."

तिनं धरली. उघड्या हातानं, बाबांची नळी. गार, जड, गुळगुळीत. बाबा शेजारी उभे राहून श्वाससुद्धा जपून घेत होते.

मग नळी दमट पेटीत गेली. तिघंही पेटीसमोर स्टुलं टाकून बसली. दर थोड्या वेळानं बाबा झाकण उचलायला जायचे आणि आई त्यांच्या हातावर चापट मारायची. शेवटी झाकण उघडलं. टकलावर तांबडी मखमल आली होती! बारीक, दाट, सारखी. लहानपणी ज्या तांबड्या ठशापायी बोलणी खाल्ली, तोच ठसा, आणि बाबा त्याच्याकडे लॉटरी लागल्यासारखे बघत होते. नळी उकळत्या पाण्यात गेली, तांबडं काळं झालं, घामाचं मीठ पाण्यात धुऊन निघालं. खारीनं घासणी फिरवली आणि खालून निळाई वर आली. पुन्हा अंगण, पुन्हा शाल, पुन्हा पेटी. दिवस मावळता मावळता टक्कल गेलं होतं. गेलं कसलं, तिथला रंग आजूबाजूपेक्षा कणभर जास्तच खोल होता. हातात धरून उजेडात फिरवली तरच कळावं असा.

"कुणाच्या लक्षात येणार नाही," खारी म्हणाली.

बाबांनी नुसतं हुं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर आधी पांढरी चढली. चॅम्पियन बाई आडवी झाली, आणि खारीनं आईचा दंड इतका आवळला की आई कळवळली. ठो, ठो, ठो. कागद आणून बघितला तर सगळ्या गोळ्या एकाच भोकात, भोक जेमतेम नखाएवढं. "वा!" बाई म्हणाली. मग निळी चढली. ठो, ठो, ठो. तेच भोक, तेवढंच. दोन्ही कागद एकमेकांवर धरले तर उजेड आरपार.

"आता आली का पंचाईत!" चॅम्पियन बाई हसली. तिनं दोन्ही नळ्या उन्हात धरल्या. रेंजवर ऊन बाजूनं यायचं. पांढरीवरून ते लखकन तिच्या डोळ्यात गेलं, तशी तिनं डोळा मिटला. पुन्हा धरली, पुन्हा मिटला. मग निळी धरली, आणि ती बराच वेळ बघत राहिली.

"निळी," ती म्हणाली.

खारीनं मान खाली घातली. असं होणार हे तिच्या मनात कुठंतरी होतंच, पण तरी डोळे भरून आले. मोरीजवळचं टेबल, मोरीजवळचंच. कधीच म्हणजे कधीच. ती आपली पांढरी नळी फडक्यात गुंडाळायला लागली.

"काका, पण एक सांगा," चॅम्पियन बाई नळी फिरवत म्हणाली. "ही इथली झाक कशी आणलीत? इथं रंग जास्त खोल आहे. मी हिच्यावरच भाळले. सगळीच नळी अशी का नाही केलीत?"

बाबा उभे होते. त्यांचा उजवा हात खांद्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. खारीनं वर बघितलं नाही. त्यांनी नुसतं हसून मान डोलवली असती तरी कुणाला काही कळलं नसतं.

"ते मी नाही केलं," बाबा म्हणाले. "तिथं माझा तेलाचा हात लागला होता. नळी वाया गेली होती. हिनं उघड्या हातानं धरली नि रंग आणला." त्यांनी लेकीकडे हात केला. "इतकी वर्षं मी हिला नळीला हात लावू दिला नाही. आणि तुम्ही बोट ठेवलंत ते बरोबर हिच्या हातावर."

"म्हणजे पैज?" आईनं विचारलं.

"हरलो!" बाबा एकदम ओरडले, आणि ते इतके खुशीत ओरडले की रेंजवरचा पहारेकरी वळून बघायला लागला. "साफ हरलो! निळीही हिची, पांढरीही हिची. माझं काय उरलं त्यात?"

चॅम्पियन बाई हसत सुटली. आई डोळ्याला पदर लावत म्हणाली, "तरी मी म्हणत होते, तेलाच्या खांद्याला हात लागला की हात धुवा, हात धुवा!" आणि खारी? तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

घरी पोचल्या पोचल्या बाबांनी खारीचं नळी पकडायचं अवजड व्हाइस स्वतः ओढत खिडकीपाशी आणलं. दुखऱ्या खांद्यानं, कुणालाही हात लावू न देता, सगळ्यांवर ओरडत. आपला डबा, भिंग, घासण्या त्यांनी मोरीजवळ नेऊन ठेवल्या आणि दुपारभर तिथंच अवजारं मांडत बसले.

दुपार कलताना एक गिऱ्हाईक आलं. सरळ खिडकीकडे आलं आणि खारीला बघून गोंधळलं. "मालक आहेत का?"

"बोला," खारी म्हणाली.

गिऱ्हाईक गेल्यावर तिच्या पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. टेबलावर नवी नळी होती, अजून कोरी. तिनं मागे वळून बघितलं. बाबा होते. दाराशेजारचा खिळा रिकामा होता, आणि ते सुती मोजे बाबांनी स्वतः चढवले होते. त्यांच्या रुंद पंजांना ते तोकडे पडत होते, जेमतेम बोटांपुरते आले होते.

"साबणानं धुऊन आलोय," बाबा म्हणाले. "बघू का जरा हात लावून?"